नादारीचा अर्ज म्हणजे कर्जमाफी नव्हे

पर्सनल लोन, दोन-तीन क्रेडिट कार्डं आणि वरून लोन ॲपचे हप्ते अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: 'सरळ दिवाळखोरी फाइल कर, सगळं मिटेल.' दिवाळखोरी म्हणजेच कायद्याच्या भाषेत नादारी. सल्ला देणाऱ्याने बहुधा अमेरिकेतल्या 'चॅप्टर ७' या दिवाळखोरीच्या तरतुदीचा व्हिडिओ पाहिलेला असतो, नाहीतर २०१६ च्या इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड या आपल्याकडच्या दिवाळखोरी कायद्याचं नाव कुठेतरी ऐकलेलं असतं. आपल्याकडच्या पगारदाराला दोन्हींचा काडीचा उपयोग नाही.

२०१६ च्या कोडमध्ये व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे, हे खरं. पण तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. त्यातल्या ज्या 'फ्रेश स्टार्ट'चं, म्हणजे छोटं कर्ज माफ करून नव्याने सुरुवात करू देण्याचं, एवढं कौतुक चालतं, त्याच्या अटी तरी वाचा: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नको. एवढं करून तेही लागू नाहीच.

म्हणजे बाकीच्यांसाठी अजून इंग्रजांच्या काळातलेच कायदे. मुंबई शहरासाठी १९०९ चा, अर्ज हायकोर्टात. उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, अर्ज जिल्हा न्यायालयात. पुढचं सगळं या १९२० च्या कायद्याबद्दल आहे.

अर्ज करायला कर्ज किमान ५०० रुपये हवं. हो, पाचशेच; शंभर वर्षांत तो आकडा कुणी बदललेला नाही. पण अर्जात लिहायचं काय, ते बघा. प्रत्येक सावकाराचं नाव, पत्ता आणि देणं. स्वतःची प्रत्येक मालमत्ता, तिची किंमत, ती कुठे आहे ते, आणि ती सगळी कोर्टाच्या हवाली करायला तयार असल्याचं लेखी. हिशेबाच्या वह्यासुद्धा. आणि एकदा अर्ज दिला की कोर्टाच्या परवानगीशिवाय मागेही घेता येत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की अर्ज पडला रे पडला की बँका गप्प. अमेरिकेत अर्ज दाखल होताच वसुली आपोआप थांबते, इथे तसं नाही. कोर्ट 'नादार' ठरवतं, त्या आदेशानंतरच नवे दावे लावायला कोर्टाची परवानगी लागते. अटकेपासून संरक्षण हवं तर त्यासाठी वेगळा अर्ज. शिवाय घर किंवा गाडी तारण असेल, तर त्या बँकेचा तारणावरचा हक्क तसाच राहतो. होमलोन थकलं तर सरफेसी कायद्याची (तारण ताब्यात घेऊन वसुली करू देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस यायची ती येणारच. चेक बाऊन्सची १३८ ची केस फौजदारी, ती नादारीने मिटत नाही.

दुसरा सल्ला पारावरचा: 'आधी फ्लॅट बायकोच्या नावावर कर, मग अर्ज टाक.' याच्याइतका घातक सल्ला दुसरा नाही. असं बक्षीसपत्र केल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज झाला आणि त्यावर माणूस नादार ठरला, तर रिसीव्हर (नादाराची मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) ते रद्द करून घेऊ शकतो. मालमत्ता लपवली, वह्या गायब केल्या, तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. मेव्हण्याचे हातउसने तेवढे आधी फेडून बँकेला लटकवलं, तर अर्जाआधीच्या तीन महिन्यांतले असे व्यवहारही तपासले जातात. आणि हे फारसं कुणाला माहीत नसतं: नादार ठरल्यापासून मुक्त होईपर्यंत जे तुमच्या वाट्याला येईल तेही रिसीव्हरकडे जातं. मधल्या काळात वडील वारले आणि वारसाने जमीन आली, तर तीसुद्धा.

'मुक्त होणं' हा वेगळा टप्पा आहे. त्यासाठी मुदतीत पुन्हा अर्ज करावा लागतो. नाही केला तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सावकार परत दारात. कायद्यात अजून 'रुपयाला आठ आणे', म्हणजे देण्याच्या निम्मे, ही भाषा आहे. विनातारण देणं १२ लाख असेल आणि मालमत्ता ६ लाखांचीही नसेल, तर ही वेळ आपल्या दोषाने आली नाही हे पटवावं लागतं, नाहीतर विनाअट मुक्ती नाही. मुक्ती मिळाली तरी सरकारी देणं आणि फसवणुकीचं देणं सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही. ज्या सहकाऱ्याने पतसंस्थेच्या कागदावर सही केली, त्याच्याकडे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला जाणारच, आणि नादारी घेणाऱ्याने हे त्याला आधी सांगायला हवं, एवढी तरी लाज ठेवावी.

उलट ज्या भीतीपोटी लोक नादारीकडे धावतात, ती निम्मी पोकळ असते. नुसतं कर्ज थकलं म्हणून तुरुंग नाही. पैशाच्या डिक्रीत (पैसे फेडण्याच्या कोर्टाच्या हुकुमात) दिवाणी कैद होते ती ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याला. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. बाईला तर पैशाच्या डिक्रीसाठी अटकच करता येत नाही. पगार अख्खा जप्त होत नाही. ४०,००० पगार धरला, तर पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश, म्हणजे २७,००० सुरक्षित. एकाच डिक्रीपोटी २४ महिने जप्ती झाली की त्या डिक्रीसाठी पगार मोकळा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, पीएफ यांना हात लागत नाही. बायको सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर तिच्या पगाराशी बँकेचा संबंध नाही. वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

म्हणून माझं मत: विनातारण कर्ज आणि एक पगार एवढंच असेल, तर आधी तडजोड बघावी. लोकअदालतीचा निवाडा डिक्रीसारखाच असतो, त्यावर अपील नाही. बाहेर ओटीएस (एकरकमी तडजोड) करत असाल तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. खाते क्रमांक, तडजोडीची रक्कम, शेवटची तारीख, आणि 'ही रक्कम भरल्यावर काही बाकी नाही' हे वाक्य त्यात हवंच. पैसे कर्जखात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. नंतर नो ड्यूज घ्या, कोरे सही केलेले चेक परत मागा आणि ऑटो-डेबिटचा मँडेट बँकेत जाऊन बंद करा. सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडेल आणि तो काही वर्षं दिसेल, हे धरून चाला.