लंगोट बाल्कनीतच वाळणार

सकाळी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. "सर्व महिलांनी कृपया नोंद घ्यावी, दर्शनी बाजूच्या बाल्कनीत लहान मुलांचे लंगोट, नॅपी वगैरे वाळत घालू नयेत, सोसायटीचा लुक खराब होतो." खाली लगेच पाच-सहा अंगठे. अख्ख्या बिल्डिंगमध्ये लंगोट वाळत घालणारं घर एकच आहे, आमचं, त्यामुळे मेसेज कुणाला होता ते सांगायला नको. ग्रुपवर उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं, शेवटी इथे लिहितोय कारण इथली माणसं आपली आहेत आणि निदान शेवटपर्यंत वाचतील.

पहिली गोष्ट, ते लंगोट मी वाळत घालतो. रात्री मशीन लावायचं आणि सकाळी ऑफिसला निघायच्या आधी सगळं दोरीवर टाकायचं हे काम मुलगी झाली तेव्हापासून माझ्याकडे आहे. बायकोचे टाके ओले होते, रात्रभर पाजायला उठणं तिच्याकडे, मग कपडे माझ्याकडे, इतका साधा हिशोब होता. समोरच्या विंगमधल्या निम्म्या लोकांनी मला चिमटे लावताना बघितलेलं आहे, रोज हात करतात, तरी नोंद महिलांनी घ्यायची! लुकचं राहू दे बाजूला, मला खरा राग या एका शब्दाचा आलाय. बायकोने वाचला तेव्हा ती काही बोलली नाही, फोन ठेवून दिला आणि बाळाला घेऊन आत गेली. ते बघून जास्तच डोकं फिरलं.

आता हे सगळं आम्ही कशासाठी करतो. काही जणांना वाटतं आम्हाला हौस आहे, रील्स बघून डोक्यात शिरलंय, किंवा पैसे वाचवतोय. पैसे वाचतात, हो, चांगले वाचतात, विकतचे डायपर स्वस्त नाहीत आणि तान्ह्या बाळाला दिवसाला किती लागतात ते ज्यांना मुलं आहेत त्यांना माहीत आहे. पण कारण ते नाही.

बायकोला आठवा लागला होता. मी गाडी काढायला पार्किंगमध्ये गेलो तर कचरा घ्यायला येणाऱ्या ताई उकिडव्या बसून ओल्या कचऱ्याची बादली निवडत होत्या. ओला-सुका वेगळा करायचा नियम आपल्याकडे आहे आणि सगळे पाळतात असं आपण धरून चालतो. त्यांनी गाठ मारलेली एक काळी पिशवी सोडली, आत चहाचा चोथा, कांद्याची सालं, उरलेला भात आणि त्या भातावर एक डायपर. उघडाच, दुमडलेला सुद्धा नाही. फुगून फाटला होता आणि आतला तो बुळबुळीत जेल भाताच्या शितांत मिसळून गेला होता, बाकी काय होतं ते लिहीत नाही. ताईंच्या हातात ग्लोव्ज होते पण उजव्या अंगठ्यापाशी फाटलेले. मी काहीतरी बोलायचं म्हणून "अहो ताई, हे असं..." इतकंच बोललो. त्या मान वर न करता म्हणाल्या, "दादा, लेकराची शी काय, आम्ही पण आमच्या लेकरांची काढलीच की. पेपरात गुंडाळून द्यायला काय जातं लोकांचं?"

बस. त्या दिवशी ठरलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, ती म्हणाली चालेल, पण धुणार कोण ते आत्ताच ठरव. म्हणून मी धुतो.

पुण्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला लागू नये खरं तर. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून याच शहरात आहे, हमाल-कष्टकऱ्यांसाठी लढलेल्या बाबा आढावांचं नाव आपण किती आदराने घेतो, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई आपल्या दारात रोज येतात, पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा म्हणजे आम्हाला पिशवी न उघडता कळेल, इतकीच मागणी त्या किती वर्षं करतायत. एक लाल ठिपका. स्केचपेन प्रत्येक घरात आहे. तेवढंही आपल्याच्याने होत नाही आणि आपल्याला दोरीवरच्या धुतलेल्या, उन्हात वाळलेल्या सुती कापडाची लाज वाटते!

आणि ती पिशवी आपल्या गेटबाहेर गेली की संपली असं नाही ना. पुण्याच्या कचरा डेपोशेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या कचऱ्यापायी काय काय भोगलंय, विहिरी नासल्या, वासाने जगणं अवघड झालं, किती वेळा गाड्या अडवल्या. डायपर म्हणजे बाहेरून प्लास्टिक, आत लगदा आणि ते शू शोषून फुगणारं केमिकल. ओल्या कचऱ्यात गेला तर खत बिघडवतो, सुक्यात गेला तर बाकी सुका माल बरबटवतो, भंगारात त्याला कुणी विचारत नाही. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत चक्क लिहिलं होतं की डायपर आणि पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी एकतर रिसायकल होईल असा माल वापरता येतो का ते बघावं, नाहीतर प्रत्येक नगाबरोबर गुंडाळून टाकायला पिशवी द्यावी. आम्ही प्रवासासाठी म्हणून जी पाकिटं आणली त्यात मला अशी पिशवी दिसली नाही. पाकिटावर हसरं बाळ मात्र प्रत्येक वेळी. कंपनीला कुणी मेसेज टाकत नाही की कृपया नोंद घ्यावी.

चिडून लिहितोय, माहितीये. जरा पाणी पिऊन आलो.

तर मित्रमंडळींपैकी ज्यांनी खरोखर विचारलंय की हे जमतं कसं, त्यांच्यासाठी. आमच्याकडे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे सासूबाईंनी आजेसासऱ्यांच्या जुन्या धोतरांचे फाडून शिवलेले लंगोट, इतके मऊ की नवीन कापडाला ती सर येणारच नाही, आणि दुसरे म्हणजे हल्लीचे बटणांचे क्लॉथ डायपर, बाहेरून वॉटरप्रूफ आणि आत घालायचे इन्सर्ट, म्हणजे शू शोषणाऱ्या कापडी घड्या. नवीन इन्सर्ट पाच-सहा धुण्यांनंतर नीट शोषायला लागतात, पहिल्याच दिवशी गळलं म्हणून बरेच जण सोडून देतात तिथेच गडबड होते. शी संडासातच गेली पाहिजे, जेटने धुवायची, मग एका पाण्यातून काढून उघड्या बादलीत ठेवायचे, भिजत ठेवायचे नाहीत, दिवसाआड मशीन. सॉफ्टनर अजिबात नाही, त्याने कापडावर थर बसतो आणि शोषणं बंद होतं. आमच्याकडे टँकरचं जड पाणी येतं त्यामुळे मधूनमधून गरम पाण्यात नुसतेच एकदा फिरवावे लागतात, नाहीतर सकाळी अमोनियाचा असा वास येतो की डोळ्यात पाणी यावं. अंगावरच्या दुधाची पिवळी शी साबणाने जात नाही म्हणून लोक घाबरतात, तो डाग ओला असतानाच कडक उन्हात टाकायचा, संध्याकाळपर्यंत आपोआप उडतो, ब्लीच नको काही नको. आता हे ऊन आमच्याकडे कुठे येतं? दर्शनी बाजूच्या बाल्कनीत. मागच्या बाजूला दुसरी बिल्डिंग चिकटून आहे, तिथे पापडसुद्धा वाळत नाही.

पावसाळ्यात हाल होतात, नाकारत नाही. जुलैमध्ये घरभर दोऱ्या, पंख्याखाली इन्सर्ट, तरी जाडे दोन-दोन दिवस दमट. तेव्हा धोतराचे लंगोट कामाला आले, एकेरी कापड चट्कन वाळतं, वरून इस्त्री फिरवली की झालं. आणि हल्ली रात्री किंवा गाडीने गावाला जाताना आम्हीही विकतचा डायपर लावतो, मग तो कागदात गुंडाळून, ठिपका काढून वेगळा देतो. पाणी आणि वीज लागते की, असं एका मित्राने ऐकवलं. लागते. मशीन भरल्याशिवाय लावत नाही आणि ड्रायर आमच्याकडे नाही, अजून काय करू.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मला टाळता येत नाही. त्या पहिल्या दिवसापासून विरोधात होत्या. म्हणाल्या, आम्ही विहिरीवर बसून ढिगाने लंगोट धुतले, थंडीत बोटं फुटायची, कंबर त्यातच गेली, डायपर आला म्हणून माझ्या लेकीचं तरी सुटेल असं वाटलं तर तुम्ही उलटे निघालात. बरोबर आहे त्यांचं. ज्या घरात पाणी तासभर येतं, बाई नोकरी करून येते आणि मदतीला कुणी नाही, त्या घरात तिने डायपर वापरला तर तिला पर्यावरण शिकवायला जाणारा माणूस मला मान्य नाही. पण आपण काय केलं बघा, बाईचे कष्ट वाचले म्हणजे ते गेले कुठे? पार्किंगमध्ये उकिडव्या बसलेल्या दुसऱ्या बाईच्या हातात गेले. घरातल्या पुरुषाने बादली उचलली असती तर दोघींचं वाचलं असतं, हा तिसरा मार्ग कुणाला सुचलाच नाही इतकी वर्षं. मी धुतो म्हटल्यावर सासूबाई दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी ट्रंकेतून धोतरं काढली.

त्यांनीच एक गोष्ट दाखवली ज्याने आमचे निम्मे लंगोट वाचले. पाजून झालं की थोड्या वेळाने बाळाला आपल्या दोन्ही पायांवर बसवायचं, पाठ आपल्या नडग्यांना टेकवून, आणि तोंडाने शूऽ शूऽ करायचं. आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी हेच केलंय. पहिल्यांदा माझ्या पायांवर बसून मुलीने शू केली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच, ती दचकून रडायला लागली, सासूबाई बाहेरून धावत आल्या. ते लिहितानाही आत्ता बरं वाटतंय. हॉस्पिटलने दिलेल्या यादीत न्यू बॉर्न डायपरचं पाकीट अगदी वर होतं, धोतराचे लंगोट नेले तर सिस्टर म्हणाल्या आमच्याकडे हे चालत नाही. जिथे बाळ जन्मतं तिथूनच हे सुरू होतं. दोष त्या सिस्टरचा नाही, एकटीकडे किती बाळं असतात ते मी बघितलंय, पण एक पर्याय म्हणून तरी आईबापांना कुणीतरी सांगावं की नाही?

ताईंचं अजून एक सांगायचं राहिलं. मुलगी महिन्याभराची असेल, मी पार्किंगमध्ये भेटलो तर त्यांनी मला थांबवून विचारलं, "दादा, बाळ बरं आहे ना? तुमच्या घरनं डायपर येत नाही कचऱ्यात." त्यांना काळजी वाटली होती. कुठल्या घरात बाळ आलं, कुठल्या घरात आजी अंथरुणाला खिळली, हे त्यांना पिशवीवरून कळतं. मी वर बोट करून बाल्कनी दाखवली. त्या बराच वेळ वर बघत होत्या, मग म्हणाल्या, "असं सगळ्यांनी केलं तर मी डबा हाताने खाईन." मला कळलं नाही, तर म्हणाल्या कितीही धुतलं तरी हाताचा वास जात नाही म्हणून त्या दुपारची भाजी-भाकरी कुस्करून चमच्याने खातात. भाकरी, चमच्याने.

हे मला त्या ग्रुपवर लिहायचं होतं आणि लिहिता आलं नाही.

सेक्रेटरी काका माणूस म्हणून वाईट नाहीत. लिफ्ट बंद पडली तेव्हा बायकोसाठी खाली खुर्ची घेऊन तेच थांबले होते, मी विसरलेलो नाही. त्यांना फ्लॅटच्या किमतीची काळजी आहे, नवीन लोक बघायला येतात, बाल्कनीत लंगोट दिसले की काय म्हणतील. मी म्हणतो, म्हणतील की या बिल्डिंगमध्ये लहान बाळ आहे! कपडे वाळलेले दिसले की घरात माणसं आहेत, पोरंबाळं आहेत असंच आपल्याला लहानपणी वाटायचं ना? कधीपासून लाज वाटायला लागली?

रविवारच्या मीटिंगला मी जाणार आहे. लंगोट काढणार नाही हे सांगायला एक मिनिट पुरे. बाकी वेळात दोन गोष्टी मागणार आहे, पार्किंगमध्ये डायपर आणि पॅडसाठी झाकणाची वेगळी बादली, आणि मीटर रूमच्या मागचा तो बंद पडलेला नळ चालू करून तिथे साबण, म्हणजे ताईंना निघायच्या आधी हात धुता येतील. आत्ता त्या गेटबाहेरच्या टपरीवर पाणी मागतात. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना दुपारी सांगितलं तर त्या म्हणाल्या प्लंबरचे पैसे मी देते, तू फक्त विषय काढ. ग्रुपमधल्या अंगठ्यांत त्यांचाही एक होता, तो त्यांनी संध्याकाळी काढून टाकला. आमच्या बिल्डिंगमधलं कुणी हे वाचत असेल तर रविवारी या, साडेदहाला.

आणि हो, मुलीला लहान मापाचे लंगोट आता बसत नाहीत. धुऊन, उन्हं दाखवून, पिशवीत भरून ठेवलेत, इन्सर्टसकट. पुण्यात ओळखीत कुणाकडे बाळ येणार असेल तर मेसेज करा, मी आणून देतो आणि कसे धुवायचे तेही दाखवतो. बाळाच्या बाबांना बरोबर बसवा.