चार दिवसांची साय

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात कोंबडी शिजते ती लालच शिजते. दर उन्हाळ्यात तिखटपणासाठी संकेश्वरी आणि रंगासाठी ब्याडगी अशी मिरची निवडून, देठ खुडून, कडक ऊन दाखवून आम्ही ती डंकावर कुटून आणतो, आणि त्या चटणीची बरणी वर्षभर गॅसच्या उजव्या बाजूला अशी उभी असते की डोळे मिटले तरी माझा हात तिच्यावरच पडावा. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत बेंगळुरूहून आलेल्या चिरंजीवांनी, "आई, या रविवारी क्रीमी चिकन राईस कर की, आमच्या हॉस्टेलजवळ भारी मिळतो," अशी फर्माईश केली, तेव्हा चटणी किती घालायची एवढेच मी विचारले. "घालायचीच नाही. पांढरं असतंय ते," असे उत्तर आले.

पांढरे आम्हाला परके आहे असे नाही. कोल्हापूर इथून दोन-अडीच तासांवर आहे आणि पांढरा रस्सा आम्हीही वाट्या वाट्या पितो. पण त्या पांढऱ्याच्या शेजारी तांबडा बसलेला असतो, आणि खुद्द पांढऱ्यातही खसखस-काजूच्या आड मिरी-लवंगेचा ठसका दबा धरून असतो. शेजारी कोणी नाही, पोटात कोणी नाही, असे निव्वळ पांढरे जेवण आमच्याकडे ताप उतरलेल्या माणसाला देतात.

मुलाने मोबाइलवर एका अमेरिकन बाईंची पाककृती लावून दिली. बाई हसतमुख होत्या आणि त्यांना एक पौंड बिनहाडाची कोंबडी हवी होती. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, असा हिशेब करून मी चिकनच्या दुकानात तेवढीच मागितली. दुकानदाराने काट्यावर तुकडे टाकले, तर ४६२ भरले. एक काढला, ४४१ झाले. दुसरा लहान शोधून टाकला, ४५८. मागे रविवारची रांग वाढत होती. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "अक्का, अर्धा किलोच घ्या की! वरचं शेहेचाळीस ग्रॅम मांजराला घाला."

बाईंना त्यानंतर थाइम नावाची वनस्पती हवी होती. खडेबाजारात तीन दुकानांत विचारल्यावर मला टायमर दाखवण्यात आला. तेव्हा चिरंजीवांनी मोबाइलवर शोध लावला की थाइममध्ये आणि आपल्या ओव्यात थायमॉल नावाचा एकच वासाचा घटक असतो. मी घरी येऊन ओव्याची बाटली खाली काढली, तर माजघरातून आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, आवाज आला, "कुणाच्या पोटात दुखतंय गं?"

खरा पेच क्रीमचा होता. बाई सांगत होत्या ते हेवी क्रीम, म्हणजे ज्यात निदान ३६ टक्के स्निग्धांश असतो ते. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या खोक्यावर २५ टक्के लिहिले होते. अकरा टक्क्यांची ही तूट कशी भरून काढावी या विचारात मी फ्रिज उघडला, आणि मला आत्यांचा स्टीलचा डबा दिसला. आत्या रोज रात्री तापवून ठेवलेल्या दुधावरची साय सकाळी चमच्याच्या मागच्या बाजूने अलगद सोडवून या डब्यात जमवतात, सातव्या दिवशी तिला विरजण लावतात आणि आठव्या दिवशी घुसळून लोणी काढतात. त्या तुपावर आमच्या घरातल्या कोणाचाही, अगदी देवाच्या निरांजनाचाही, त्यांच्या परवानगीशिवाय हक्क नाही. डब्यात चार दिवसांची साय होती. आत्या संध्याकाळी गल्लीतल्या भजनाला गेल्या आणि मी तो डबा ओट्यावर घेतला. झाकण काढल्यावर किंचित आंबूस वास आला, पण क्रीमला असाच वास येत असेल, अशी मी माझी समजूत घातली. चोरी करणाऱ्याने मालात खोट काढू नये.

कामाला लागल्यावर पहिल्याच मिनिटात घात झाला. कोंबडी धुऊन पातेल्यात घेतली, मुलाशी काहीतरी बोलत होते, आणि बोलणे संपेपर्यंत माझ्या उजव्या हाताने तिला हळद आणि मीठ चोळून ठेवले होते. मी त्याला सांगितले नव्हते. चोवीस वर्षे तो हेच करत आला आहे. चिरंजीव किंचाळले, "आई, हळद!" मग ते ५०० ग्रॅम मी तीन पाण्यांतून काढले. तिसऱ्या पाण्यानंतर हळदीचे ठसे माझ्या बोटांवर, नळावर, पदरावर आणि मोबाइलच्या काचेवर उमटले होते, आणि कोंबडी जशी होती तशीच पिवळी होती.

मोबाइलचा त्रास तर निराळाच. लोणी कढईत टाकावे, कांदा-लसूण परतायला घ्यावा, आणि नेमका तेव्हाच पडदा काळा पडावा. दोन्ही हात भरलेले, म्हणून मी त्याला कोपराने जागे करायला गेले, तर बाई एकदम दहा मिनिटे पुढे जाऊन ताटात वाढू लागल्या. त्यांना मागे आणले, तर "नमस्कार मंडळी" असे इंग्रजीत म्हणत पहिल्यापासून सुरुवात केली. मधूनमधून जाहिराती लागत होत्या, आणि जाहिरात संपेपर्यंत कांदा कोणासाठी थांबत नव्हता.

तांदूळ मात्र माझ्या राज्यातला होता. माझ्या माहेरची जमीन वडगाव शिवारात आहे आणि दर साली सुगी झाली की तिथला बेळगाव बासमती पोत्याने घरी येतो. पातेल्यावरचे झाकण काढले की वास शेजारच्या घरात जातो आणि शेजारच्या कन्नड काकू खिडकीतून "ऊट आतेन्री?", म्हणजे जेवण झाले का, असे विचारतात, असा तो तांदूळ. पण तो महिन्याभरापूर्वीचा नवा होता. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, तो लवकर शिजतो आणि लवकर चिकटतो. वर्षभर मुरलेला असेल तरच त्याचे शीत मोकळे पडते. हे मला सात-आठ वर्षांची असल्यापासून माहीत आहे. बाई म्हणाल्या, एका कपाला दोन कप पाणी. मी दोन कप घातले. इतक्या लांबून येऊन त्या खोटे कशाला सांगतील?

वीस मिनिटांनी झाकण काढले तेव्हा आत भात नव्हता, गुरगुट्या होता. त्यात कोंबडीचे पिवळे तुकडे चिखलात रुतलेल्या म्हशींसारखे नुसती पाठ वर काढून बसले होते. आता क्रीमच काय ते तारून नेईल, असे म्हणून मी चारी दिवसांची साय घोटून आत लोटली, वर बाईंनी सांगितल्याप्रमाणे लिंबू पिळले आणि गॅस मोठा केला. बाई यापूर्वी "गॅस बंद करा, जरा निवू द्या" असे म्हणाल्या होत्या, हे मला नंतर कळले. त्या ते म्हणत असताना माझ्याकडे गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात चालू होती.

आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की दुधातले केसीन नावाचे प्रथिन आकसते आणि गुठळ्या धरते. पनीर करताना हेच आपण मुद्दाम करतो. भरपूर स्निग्धांश असलेले क्रीम हा मार बऱ्यापैकी सोसते म्हणे. आमची साय चार दिवसांत आधीच आंबटपणाकडे झुकलेली, त्यात लिंबू, खाली मोठी आच. माझ्या डोळ्यांदेखत ती फाटली. बारीक कण भातात मिसळून गेले, आणि कडेने सोनेरी, खमंग वासाचा तवंग सुटू लागला. आत्यांचे तूप अखेर कढलेच, फक्त ते कोंबडीच्या अंगावर.

मिरपूड घातली, ओवा घातला, आणि पाने मांडली.

चिरंजीवांनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर मातृभक्ती आणि सत्यनिष्ठा यांची झटापट झाली. "क्रीमी आहे," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "सकाळची आमटी आहे का गं?" यजमानांनी चमच्याने भात इकडून तिकडून उकरला आणि विचारले, "हाड कुठं आहे?" त्यांच्या मते, ज्या कोंबडीत चोखायला हाड नाही ती कोंबडी नव्हे, ते कडधान्य. मी स्वतः दोन घासांनंतर बरणीकडे बघत होते.

आत्या काही बोलल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी कवळी बसवल्यापासून रविवारी त्या नुसता रस्सा-भात जेवतात आणि फोडी कोणाचे लक्ष नसताना नातवाच्या ताटात सरकवतात. आज त्यांनी एक तुकडा बोटाने दाबून पाहिला, तोंडात टाकला आणि खाली मान घालून जेवत राहिल्या. ताट पुसल्यासारखे स्वच्छ झाले, तसे ते त्यांनी माझ्यापुढे केले. मी वाढले. तेही संपले. तिसऱ्यांदा वाढताना त्यांनी विचारले, "यात घातलंयस काय गं? तुपाचा वास येतोय."

खोटे बोलायला वेळ मिळाला नाही. "साय," मी म्हणाले.

"किती?"

"चार दिवसांची."

यजमानांनी ताटावरची नजर वर केली नाही. चिरंजीवांनी पाण्याचा तांब्या उगाच जवळ ओढला. आत्यांनी आपल्या ताटाकडे एकदा आणि कढईकडे एकदा बघितले, बहुधा दोन्हीकडे मिळून किती तूप झाले असते याचा अंदाज घेतला, आणि म्हणाल्या, "मग टाकून कसं चालंल? वाढ तेवढं."

सोमवारी सकाळी फ्रिज उघडला तर स्टीलच्या डब्याशेजारी तसाच दुसरा, जरा लहान डबा होता, आणि दोन्हींत साय वाटून घातलेली होती. मी काही विचारण्याआधीच आत्या म्हणाल्या, "मोठा तुपाचा. धाकट्यातली तुझ्या त्या कोंबडीला, येत्या रविवारी. आणि ओवा जरा जास्त घाल, काल कमी पडला."