उन्हाळ्यात जाड ऑईल, वाळवीला जुनं ऑईल: ग्रुपवर फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

एप्रिल लागला की नागपुरातल्या कॉलन्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घरीच इंजिन ऑईल बदलण्याचा एक मेसेज फिरायला लागतो. त्यात थोडक्यात असं सांगितलंय: आपल्या उन्हात पातळ ऑईलचं पाणी होतं, म्हणून कंपनी काहीही म्हणो, २०डब्ल्यू-५० हे जाड ग्रेडचं ऑईल टाका. नवं ऑईल भरण्याआधी लिटरभर डिझेल किंवा रॉकेल टाकून इंजिन पाच मिनिटं चालवा, आतून लख्ख होतं. फिल्टर एका आड एक वेळी बदलला तरी चालतो. उन्हात ऑईल उडतं, म्हणून अर्धा लिटर जास्त भरा. ऑईल काळं दिसलं की ते गेलं समजा. आणि निघालेलं ऑईल वाळवीला जालीम, ते चौकटींना लावा आणि उरलेलं नालीत सोडा.

मी माझ्या गाडीचं ऑईल घरीच बदलतो. ज्यांना जमेल त्यांनी हे काम शिकावं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच हा मेसेज खुपतो. आधीच भीत भीत पाना हातात घेणाऱ्या माणसाला तो थेट चुकीच्या वाटेला लावतो.

जाड ऑईलचा मुद्दा आधी घेतो, कारण लोकांना सगळ्यात जास्त पटतो तो हाच. मे महिन्यात पारा ४५-४६ च्या घरात, डांबर पायाला चिकटतंय, मग ऑईल पातळ होणार नाही तर काय? पण डब्यावरचे आकडे काय सांगतात ते बघा. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंड इंजिन सुरू होतानाचा. नंतरचा आकडा मोजलेला असतो १०० अंश सेल्सिअसला. म्हणजे ऑईलचा घट्टपणा ठरवतानाच आपल्या मे महिन्याच्या दुपटीहून जास्त उष्णता धरलेली आहे. गाडी गरम झाल्यावर ऑईल साधारण ९० ते ११० अंशांत काम करतं, मग ती गाडी वर्धा रोडवर असो की महाबळेश्वरच्या घाटात. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा धरून ठेवतात, बाहेरचं ऊन नाही. ट्राफिकमध्ये एसी लावून उभं राहिलं की ऑईल थोडं जास्त तापतं हे खरं, पण इंजिन बनवणाऱ्यांनी तेही हिशेबात घेतलेलं असतं.

आता फरक किती पडतो तो पाहू. १०० अंशाला ३० ग्रेडचं ऑईल (‘डब्ल्यू’नंतर ३० असलेलं) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असतं (हे घट्टपणा मोजायचं माप, आकडा मोठा तेवढं ऑईल जाड), ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. आजकालच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लागतं. त्यांच्या बेअरिंगमधली फट आणि ऑईल जाण्याच्या बारीक वाटा त्याच हिशेबाने ठेवलेल्या असतात. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा तर ऑईलच्याच दाबावर हलते. तिथे २०डब्ल्यू-५० ढकललं की पंपावर जोर येतो, दाब वाढला की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईल चेंबरमध्येच, म्हणजे इंजिनच्या तळाशी ते साठतं तिथेच, परत पडतं. दाब दिसतो चांगला, पण हवं तिथे ऑईल हवं तेवढं पोचत नाही. ॲव्हरेज कमी होतं ते वेगळंच. आणि डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली गेला की सकाळच्या पहिल्या स्टार्टला हेच जाड ऑईल वर चढायला वेळ लावतं. इंजिनची बरीचशी झीज होते ती थंड इंजिन सुरू होताना.

काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. त्यातली जाड निवडायला काहीच हरकत नाही. जुनं इंजिन ऑईल प्यायला लागलं असेल तर ओळखीच्या मिस्त्रीशी बोलून एक पायरी वर जाणंही समजण्यासारखं आहे. पण मॅन्युअल बाजूला ठेवून सगळ्या गाड्यांना एकच ग्रेड सांगणं चूक आहे. उन्हाळ्यात गाडी खरंच तापत असेल तर कूलंटची पातळी बघा, पंखा लागतो का ते बघा, रेडिएटरच्या जाळीत धूळ-कचरा अडकलाय का ते बघा. ऑईल जाड करून यातलं काहीच सुधारत नाही.

डिझेल-रॉकेलने इंजिन धुणं हा यातला सगळ्यात घातक सल्ला. ऑईलचं काम चालत्या धातूंमध्ये थर धरून ठेवण्याचं असतं. रॉकेल तो थर धरू शकत नाही, म्हणजे ती पाच मिनिटं बेअरिंग जवळजवळ कोरडी चालतात. शिवाय जुनं ऑईल सोडायचा तळाचा ड्रेन बोल्ट उघडला तरी चेंबरच्या तळाला आणि वाटांमध्ये थोडं रॉकेल उरतंच, ते नव्या ऑईलमध्ये मिसळून त्याला पातळ करतं. म्हणजे उन्हाने ऑईल पातळ होईल या भीतीने जाड ऑईल आणायचं आणि ते स्वतःच पातळ करायचं! जुन्या इंजिनात तर वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ एकदम सुटून पंपाच्या जाळीत अडकू शकतो, आणि मग ऑईल वर जाणंच थांबतं. इंजिन आतून स्वच्छ ठेवायचा उपाय म्हणजे योग्य ऑईल वेळेवर बदलणं. ऑईलमध्ये मळ सोडवणारी द्रव्यं मुळातच घातलेली असतात.

काळ्या रंगाचा गैरसमज त्यातूनच येतो. मळ सोडवून ते स्वतःमध्ये धरून ठेवतं, म्हणून ऑईल काळं पडतं, म्हणजे आपलं काम करत असतं. डिझेल गाडीत तर काजळीमुळे ते काहीशे किलोमीटरमध्येच काळं दिसतं. बदलायचं ते मॅन्युअलमधल्या हिशेबाने. अनेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. मनीष नगरहून बर्डीपर्यंत रोजची छोटी खेप, वाटेत बांधकामाची धूळ, असा वापर असेल तर मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी दिलेलं वेगळं, कमी अंतराचं कोष्टक बघा. ते पान लोक उघडतच नाहीत.

फिल्टर एका आड एक? नाही. जुन्या फिल्टरमध्ये मळकं ऑईल साचलेलं असतं, ते पहिल्याच स्टार्टला नव्यात जातं. आणि फिल्टर तुंबला की इंजिन कोरडं पडू नये म्हणून आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो, मग न गाळलेलं ऑईल सगळीकडे फिरत राहतं. हजारोंचं ऑईल घालून काहीशे रुपयांच्या फिल्टरवर बचत कसली? बदलताना जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना हे बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली तर गळती ठरलेली. नव्या रबराला नवं ऑईल लावा, रबर टेकलं की हातानेच साधारण पाऊण फेरा. पाना फक्त काढताना. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा घ्या, आणि बोल्ट मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढाच आवळा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जोर लावणाऱ्यांच्या हातून सहज जातात.

अर्धा लिटर जास्त भरू नका. पातळी वर गेली की क्रँकशाफ्ट ऑईलमध्ये बुडून ते घुसळतो, फेस होतो, आणि फेस दाब धरत नाही. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी गेज, म्हणजे ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी, पुसून बघा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या आत. एवढंच.

ज्याने जीव जाऊ शकतो त्याबद्दल मेसेजमध्ये एक ओळही नाही. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, विटा-सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भरवशावरही नाही, त्या फुटतात. जॅक स्टँड किंवा रॅम्प घ्या, मागच्या चाकांना ओट लावा, म्हणजे गाडी घरंगळणार नाही असं काही अडकवा, हँडब्रेक ओढा. आणि मे महिन्यात दुपारी डांबरी रस्त्यावर हे काम करू नका. डांबर मऊ होतं आणि जॅकचा पाय हळूहळू आत जातो. फरशीवर किंवा काँक्रीटवर, सकाळी करा. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून थोडं निवू द्या. ऑईल सुटेल एवढं कोमट हवं, हात भाजेल एवढं नको.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी वॉरंटीची पुस्तिका वाचा. बऱ्याच कंपन्या ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच व्हाव्यात अशी अट घालतात. तशी अट असेल तर ती मुदत संपेपर्यंत हौस थांबवा.

आता वाळवी आणि नाली. जुन्या ऑईलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण असतात आणि इंधन जळून तयार झालेली घातक संयुगं असतात. असं ऑईल सतत लागल्याने प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या कातडीला कर्करोग झाल्याचं आढळलेलं आहे. ऑईलच्या अनेक डब्यांवर कातडीला फार वेळ लागू देऊ नका अशी सूचना असते, ती त्यामुळेच. तेच आपण लेकरांचे हात लागणाऱ्या चौकटींना फासायचं? कुंपणाच्या खांबाला लावलं तर पहिल्या पावसात धुऊन मातीत उतरतं. जुन्या नागपुरात अजून कितीतरी घरांना विहिरी आहेत. नालीत सोडलेलं नाग नदीत जातं, नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणात ते पाणी अडतं. त्या पाण्यावर शेती करणाऱ्यांनी आपल्या गाड्यांचं काय घेतलंय?

वापरलेलं ऑईल कायद्यानेही घातक कचऱ्यात मोडतं. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं असं सांगतात. घरी करायचं ते अवघड नाही. नवं ऑईल ज्या डब्यातून आलं त्यातच जुनं भरा, त्यात पाणी, कूलंट, पेट्रोल काही मिसळू नका, नाहीतर त्यावर पुन्हा प्रक्रिया होणं अवघड जातं. फिल्टर भोक खाली करून रात्रभर निथळू द्या आणि तेही ऑईल डब्यात घ्या. मग जवळच्या मोठ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. त्यांच्याकडे ड्रम असतो आणि तो उचलून नेणारे ठरलेले असतात. तो कुठे जातो हेही विचारा. एका ठिकाणी नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. आणि ही सोय लागल्याशिवाय ड्रेन बोल्टला हात लावू नका.