नाणी जमवता ना? मग चार ओळी लिहायलाही शिका

आपल्या नागपुरात नाणी जमवणारी पोरं वाढली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. शाळेतली आहेत, अकरावी-बारावीची आहेत, इंजिनिअरिंगवाली तर भरपूर. कुठे प्रदर्शन लागलं की फोल्डर काखेत मारून सकाळीच हजर. राणीछाप रुपया दुरून ओळखतात. नाण्यावर व्हिक्टोरिया 'क्वीन' कधीपर्यंत आणि 'एम्प्रेस' कधीपासून, हे त्यांना तोंडपाठ असतं. आमच्या वेळी एवढी माहिती मिळवायला आम्हाला कुणाकुणाच्या पाया पडावं लागायचं, ते आम्हालाच ठाऊक.

तरी एक तक्रार आहे, आणि ती पोरांपेक्षा आम्हा जुन्या संग्राहकांबद्दल जास्त आहे. आम्ही यांना घ्यायला शिकवलं, अदलाबदल शिकवली, घासाघीस करायला तर फारच छान शिकवलं. लिहायला मात्र कोणी शिकवलं नाही.

मागे एका नववीतल्या मुलाने मला त्याचा अल्बम दाखवला. एका कप्प्यात तांब्याचं जाड, ओबडधोबड नाणं. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं नाणं. झीज कमी, अक्षर ठसठशीत.

"कुठून आणलंस रे?"

"दीडशेले भेटलं काकू."

"अरे, कितीला नाही विचारलं. कुठून?"

"एका काकाजवळून."

"आणि त्या काकांना कुठून मिळालं?"

पोरगा माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागला, जणू मी परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न टाकला. त्याचा काय दोष? हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता. किंमत सगळ्यांनी विचारली होती.

कुठे सापडलं, कशासोबत सापडलं, कोणाकडून कोणाकडे आलं, हे कागदावर उतरलं नाही तर नाण्याची अर्धी गोष्ट तिथेच संपते. धातू उरतो, वजन उरतं, भाव उरतो. सराफाकडे मोडीत येणाऱ्या जुन्या चांदीत किती गावांचा इतिहास वितळून गेला असेल, याचा विचार केला की माझी तर झोप उडते. सराफाला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याचा तो धंदाच आहे. पण आपण स्वतःला संग्राहक म्हणवतो आणि आपणही तेच करतो, फक्त वितळवत नाही एवढंच.

नोंद झाली की काय होतं, तेही बघा. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी, म्हणजे जमिनीत पुरलेला साठा, सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. एका राजाने दुसऱ्याला हरवलं आणि त्याचाच पैसा आपल्या नावाने चालवला, हे त्या ढिगानेच सांगितलं. सुटी सुटी विकली गेली असती तर प्रत्येक नाणं कुणाच्या तरी अल्बममध्ये 'डबल स्ट्राइक, रेअर' अशी चिठ्ठी लावून बसलं असतं.

हे नाशिकचं झालं. आता आपल्या वऱ्हाडात या. मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा नावाचं गाव आहे. तिथे 1939 साली सातवाहनांच्या पोटीन धातूच्या (तांबं, शिसं, कथिल यांचं मिश्रण) नाण्यांचा निधी निघाला. पुढून सोंड वर केलेला हत्ती, मागून उज्जैन चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं), काठाने ब्राह्मीत राजाचं नाव. दिसायला इतकी सामान्य की आजच्या प्रदर्शनात टेबलाच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवतील. ही नाणी अभ्यासली वा. वि. मिराशींनी. मिराशी नागपुरात संस्कृतचे प्राध्यापक होते. ते एकेक नाणं वाचत बसले आणि त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं बाहेर आली, जी पुराणांच्या वंशावळीत नाहीत. राजे आपल्याला माहीतच नव्हते! मग त्यांनी ते लिहिलं, छापलं, म्हणून आज आपण बोलतो आहोत. महाल, धंतोली, सीताबर्डीच्या रस्त्यांवरून रोज शाळेत जाणाऱ्या पोरांना हे गावातल्या माणसाचं काम म्हणून सांगायला नको का?

आणि हे सगळं पदवीवाल्यांचं काम आहे असंही समजू नका. ब्राह्मी लिपी 1837 साली ज्याने उलगडली, तो जेम्स प्रिन्सेप पोटापाण्यासाठी टाकसाळीत धातूचा कस तपासायचा. समोर नाणी येत होती, त्याने नीट पाहिली, लिहून ठेवलं, दुसऱ्यांना पत्रं पाठवली, भांडला, चुकला, पुन्हा लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, काकू, आम्हाला कुठे निधी सापडणार आहे. सापडू नये असंच मी म्हणेन. आणि सापडलाच तर तो खिशात घालायचा नाही, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा जमिनीत पुरलेला ऐवज मिळाला तर कळवणं 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे. शेतात सापडलेली ताजी, मातीने भरलेली नाणी कोणी गुपचूप विकायला आणली तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.

पण लिहायला निधी लागतोच कुठे? घरातला गल्ला पुरे.

आपल्या रोजच्या नाण्यावर साल असतं, आणि सालाखाली एक बारीकशी खूण. चौकटच्या आकाराची असेल तर मुंबई टाकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एवढं माहीत असलेली पोरं शेकड्याने आहेत. पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराशी ओळख काढून, त्याच्या गल्ल्यातली एका महिन्याची एक-दोन रुपयांची नाणी वर्षानुसार आणि टाकसाळीनुसार मोजून वहीत मांडली, असं एकही पोरगं मला अजून भेटलेलं नाही. नागपूर देशाच्या मधोमध आहे. इथे कुठल्या टाकसाळीचा पैसा जास्त फिरतो? हैदराबादचा असेल असा माझा अंदाज आहे, पण अंदाज आणि मोजणी यात फरक असतो. मोजा आणि मला खोटं पाडा.

दहा रुपयांच्या नाण्याचं घ्या. रुपयाची खूण असलेलं खरं, नसलेलं खोटं, दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं, अशा अफवांनी किती वर्षं डोकं खाल्लं. ऑटोवाला घेईना, भाजीवाला घेईना. मी बँकेत काउंटरवर बसायचे, रोज तेच समजावून घसा कोरडा. शेवटी जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की तोवर काढलेल्या चौदाही नमुन्यांची नाणी वैध आहेत. तरीही कित्येक दुकानांत नकार चालूच होता. ही अफवा आपल्या भागात कधी पोचली, कोणत्या बाजारात जास्त टिकली, दुकानदार कारण काय द्यायचे? पाच दुकानदारांना विचारून लिहिलंत तरी पन्नास वर्षांनी कुणाला तरी ते सोन्यासारखं वाटेल. तेव्हाचे ते दुकानदार नसतील, तुमची वही असेल.

घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना 1957 विचारा. एप्रिल महिन्यात रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे आले. चार आण्याचे पंचवीस पैसे, हिशोब सरळ. पण एका आण्याचे? सव्वासहा. मग एका आण्याची वस्तू दुकानदार सहा पैशाला द्यायचा की सातला? त्या पावपैशावरून काय काय वाद झाले असतील! हे कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही, आजीच्या डोक्यात आहे. गावाकडे रुपयांची हमेल गळ्यात घातलेल्या बाया ज्यांनी पाहिल्या, ती माणसंही अजून आहेत. किती काळ असतील?

बाजारातली खोटी नाणी हा तर लेखाचा तयार विषय. रामदरबार किंवा हनुमान असलेलं, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेलं, 1818 सालचं 'वन ॲना' तुम्ही पाहिलंच असेल. चुंबकीय शक्ती आहे, तांदूळ ओढतं, कोटीत जातं, वगैरे वगैरे. एखाद्या पोराने शांतपणे लिहावं की कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. एक आण्याचं वेगळं नाणं आलं ते विसाव्या शतकात, सातव्या एडवर्डच्या काळात, तेही कप्रोनिकेलचं (तांबं-निकेलचं) आणि कंगोरेदार कडेचं. मग 1818 ला एक आणा आला कुठून? एवढ्या एका प्रश्नाने कुणाच्या तरी काकाचे लाखभर रुपये वाचतील. 'ही नोट विका, लाखो कमवा' वाल्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेलाच 2021 मध्ये सावधगिरीचा इशारा द्यावा लागला होता. तरी व्हिडिओ काही थांबत नाहीत.

आता थोडं कडू बोलते. आमच्या पिढीत एक खोड आहे. माहिती दाबून ठेवायची. कुठलं नाणं कुठे मिळतं, कुठला ठसा दुर्मीळ, हे कळलं की गप्प बसायचं, कारण बोललो तर भाव चढेल. मी नवीन होते तेव्हा एका ज्येष्ठांना नागपूरकर भोसल्यांच्या रुपयावरच्या फारसी मजकुराबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, "तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता, मुलासाठी घ्यायचंय ना?" मुलाला नाण्यांत काडीचा रस नव्हता, आजही नाही. त्या उत्तराचा राग येऊन मी फारसी अक्षरं गिरवायला बसले, तेवढा त्यांचा उपकार. पण अशा उत्तराने किती पोरं परत गेली असतील? त्या मंडळींकडे चाळीस-चाळीस वर्षांचं ज्ञान आहे आणि त्यातला एक परिच्छेदही कुठे छापलेला नाही. माणूस गेला की मुलं संग्रह एकगठ्ठा व्यापाऱ्याला देतात. कोणतं नाणं कुठून आलं, सगळं गेलं.

तर पोरांनो, तुमच्याकडून मला एक पान हवंय. एका नाण्याबद्दल एक पान.

ती शिवराईच घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', हे सगळे सांगतात. पण हातातलं नाणं बघा. ठसा मोठा असायचा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच उमटतो. एकावर 'श्री' कापलेली, दुसऱ्यावर 'जा' अर्धा. बरं, अक्षरंही सारखी नाहीत. कुठे 'शिव', कुठे 'शीव', कुठे 'सिव', कुठे 'सीव'. कुठे ओळींच्या मध्ये दोन दांड्या, तिला दुदांडी म्हणतात. कारण ही नाणी शिवाजी महाराजांच्या नंतरही कितीतरी काळ, वेगवेगळ्या ठिकाणी पडत राहिली. तेव्हा पाच शिवराया शेजारी ठेवा, खिडकीतून तिरका उजेड पडेल असं बसा आणि दिसतं तेवढंच कागदावर पेन्सिलीने काढा. जे दिसत नाही ते मनाने पुरं करू नका. काढायला लागलात की डोळा आपोआप थांबायला शिकतो. फोटो काढून ते होत नाही. मग वजन, ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत. तसा छोटा काटा ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. व्यास व्हर्नियर कॅलिपरने, दोन दिशांनी, कारण ही नाणी गोल नसतात. शेवटी कोणाकडून, कधी, कुठे घेतलं आणि देणाऱ्याने काय सांगितलं. देणारा थापा मारतोय असं वाटलं तरी त्याची थाप जशीच्या तशी लिहा, बाजूला आपली शंका लिहा.

आणि कृपा करून घासू नका! चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काहीही नको. चकाकणारं तांबं बघून पाहुणे खूश होतात, पण अक्षरांचे काठ गेले की नाणं मुकं होतं.

भोसल्यांवर काम करायची ज्याची तयारी असेल त्याच्यासाठी तर नागपूरसारखं गाव नाही. मध्य भारतातून निघालेला राज्यविस्तार ओडिशापर्यंत गेला, 1751 पासून 1803 पर्यंत कटक त्यांच्याकडे होतं. तिथल्या रुपयावर नाव कोणाचं, तर दिल्लीच्या अहमदशहा बादशहाचं, आणि सोबत त्रिशूळ. तो बादशहा 1754 मध्येच गादीवरून उतरवला गेला होता! सत्ता एकाची, नाव दुसऱ्याचं, खूण तिसरीच. असं का, यावर एक पान नाही, चांगली वही भरेल. अजब बंगला, म्हणजे आपलं सरकारी संग्रहालय, 1863 पासून आपल्या गावात उभा आहे, पोरं तिथे शाळेच्या सहलीत एकदा जातात आणि पेंढा भरलेले प्राणी बघून परत येतात. पुढे जायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला फक्त नाण्यांच्या अभ्यासासाठी 1980 पासून संस्था आहे, ग्रंथालयासकट. पत्र लिहा, जाऊन या.

मराठीत लिहा. या विषयावरचं बरंचसं लिखाण इंग्रजीत आहे, म्हणून पोरांना वाटतं इंग्रजी जमत नाही तर आपण लिहूच शकत नाही. मिळालं कुठे, दिसलं काय, विचारलं कोणाला, हे सांगायला कुठली आली इंग्रजी? इंटरनेटवरून उचललेले चार परिच्छेद मात्र मला दाखवू नका, ते मी आधीच वाचलेले असतात. तुमचं वाक्य तोडकंमोडकं असेल तर चालेल, मी शुद्धलेखन बघून देईन.

शाळेतल्या शिक्षकांपैकी कोणी हे वाचत असतील तर वार्षिक अंकात एक पान नाण्यांसाठी ठेवा, एवढी विनंती. पालकांनाही एक सांगायचंय, पुढच्या वाढदिवसाला महागडं नाणं देण्यापेक्षा काटा, भिंग आणि जाड कागदाची वही द्या.

अडलं तर मेसेंजरवर फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचे, आणि वजनासकट. वजन नसलेल्या फोटोला मी उत्तर देत नाही, आधीच सांगून ठेवते.