‘पूर्वी गावात कुणी उपाशी झोपत नव्हतं’ हा मजकूर पुढे पाठवण्याआधी

पाऊस ओढ देतो तेव्हा, आणि अलीकडे तर प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर, एक मजकूर मोबाइलवर फिरत येतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच असतो. पूर्वी गावात कुणी उपाशी झोपत नव्हतं. देवळं, मठ, अन्नछत्रं आणि दामाजीपंतांसारखी माणसं गोरगरिबांना सांभाळत. सरकारला त्यात पडावं लागत नसे. दान देताना जातपात कुणी पाहत नसे. मग सरकारी योजना आल्या, लोक ऐतखाऊ झाले आणि दानधर्म आटला.

हा मजकूर पाठवणाऱ्यांत माझे नातेवाईक आहेत, मित्र आहेत. वाडवडलांनी चांगलं काही केलं होतं, असं वाटण्यात गैर काहीच नाही आणि त्यांनी ते केलंही होतं. पण या मजकुराचा शेवट नेहमी ‘म्हणून योजना बंद करा’ असा होतो आणि तो थेट गरिबाच्या मुळावर येतो. म्हणून त्यातली विधानं एकेक करून तपासायला हवीत.

‘गावात कुणी उपाशी झोपत नव्हतं’

१६३० ते १६३२ ही सलग दुष्काळाची वर्षं. गुजरात आणि दख्खन होरपळून निघाले. देहूचं तुकोबांचं घराणं महाजनकी आणि वाणीपणा करणारं, म्हणजे गावातलं खातंपितं. त्या घरातली तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलं आहे. ज्या घराकडे गाव उसनंपासनं मागायला यायचं, त्या घरातल्या सुनेची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय झालं असेल? शहाजहानच्या दरबारी बखरकारानं, अब्दुल हमीद लाहोरीनं, याच दुष्काळाबद्दल लिहिलंय की भाकरीच्या बदल्यात लोक जीव द्यायला तयार होते, पण घेणारा कुणी नव्हता.

यात देहूच्या लोकांची कंजुषी नव्हती. परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. याहून मोठं दान सावकाराच्या हातून काय होणार? तरीही दुष्काळ भागला नाही, कारण गावातलं दान गावाच्या पिकातूनच निघतं. पाऊस गेला की मागणाऱ्याची चूल विझते आणि देणाऱ्याचं पेवही रिकामं होतं, दोन्ही एकाच हंगामात. एखाद्या घरावर आपत्ती आली तर शेजार तारून नेतो. सगळ्या मुलखावर आली तर शेजारही बुडालेला असतो. मग धान्य लांबून, जिथे पाऊस झाला आहे तिथून आणावं लागतं आणि ते काम शेजारधर्माच्या आवाक्यातलं नसतं.

‘सरकारला त्यात पडावं लागत नसे’

हे तर सरळ चुकीचं आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला तेव्हा बहमनी सुलतान दुसरा मुहम्मदशहा यानं माळवा आणि गुजरातेतून धान्य आणायला दहा हजार बैल लावले आणि ते धान्य स्वस्तात विकलं, असं इतिहासकार फिरिश्ता नोंदवतो. दौलताबाद, चौल, दाभोळ अशा शहरांत त्यानं अनाथ मुलांसाठी शाळा काढल्या, हेही तोच सांगतो. आता बैलावरून धान्य आणायचं म्हणजे काय, ते पाहा. ज्या वाटेनं तांडा येणार त्या वाटेवरही चारा-पाणी नाही. एकट्यादुकट्या व्यापाऱ्याला वा मठाला हे झेपणारं नव्हतं. त्यामागे राज्याची तिजोरी लागायची.

१६३० च्या दुष्काळात शहाजहाननं बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेत लंगर उघडले, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये असे वीस आठवडे वाटले, सारामाफीही दिली. ते फार अपुरं पडलं. शिवाय याच बादशहाच्या फौजा त्या वेळी दख्खनच्या मोहिमेवर होत्या आणि लष्कराच्या तळांनी उरलंसुरलं धान्य ओढून घेतलं. राज्यकर्त्यांचं कौतुक करण्यासाठी हे सांगत नाही. गरिबाला जगवणं हे राज्याचं काम आहे, ही समजूत आपल्याकडे पाचसहाशे वर्षं जुनी आहे. ती काही अलीकडच्या एखाद्या पक्षानं आणलेली नाही.

‘दामाजीपंतांसारखी माणसं होती’

होती. म्हणूनच ती कथा नीट वाचायला हवी. दामाजीपंत मंगळवेढ्याचे, पंधराव्या शतकातले, बीदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात त्यांनी कोठारं उघडली आणि लोकांना धान्य वाटलं. ते धान्य कुणाचं होतं? सरकारचं. रयतेकडून सारा म्हणून गोळा केलेलं. दामाजीपंतांनी आपल्या घरची कणगी उघडली असं कथा सांगत नाही. सरकारी कोठार हुकमाची वाट न पाहता उघडलं, असं सांगते. म्हणून तर बादशहानं त्यांना पकडून आणायला माणसं पाठवली आणि म्हणून तर विठोबाला विठू महाराचं रूप घेऊन दरबारात पैसे भरावे लागले. दानाची जी कथा मराठी माणसाला सगळ्यांत प्रिय आहे, ती रयतेचं धान्य रयतेला परत मिळाल्याची कथा आहे. दामाजीपंतांचा मोठेपणा यानं तसूभरही कमी होत नाही. अधिकाराच्या खुर्चीत बसून गरिबासाठी स्वतःची मान पुढे करणं ही सोपी गोष्ट नव्हे. पण सरकारी मदतीविरुद्ध त्यांचं नाव वापरणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आणि त्या कथेत एक भीतीही दडलेली आहे. कोठार उघडणारा अंमलदार भला निघाला म्हणून मंगळवेढा वाचलं. शेजारच्या परगण्यात तसा कुणी नसेल तर तिथल्या माणसानं काय करायचं? देवानं येऊन पैसे भरावेत, एवढीच वाट उरते.

‘दान देताना जातपात कुणी पाहत नसे’

मंगळवेढ्यातच थांबू. दामाजीपंतांच्या आधी शंभराहून अधिक वर्षं याच गावात महार जातीतले संत चोखामेळा, म्हणजे चोखोबा, राहिले. ‘बहु भुकेला जाहलो, तुमच्या उष्ट्यासाठी आलो’ असं ते जोहार घालताना म्हणतात. ती ओळ देवाला उद्देशून आहे, पण तिच्यातलं उष्टं खरं आहे. महाराला गावातून जे मिळे ते उष्टं किंवा शिळं, तेही लांबून टाकलेलं आणि राबून झाल्यावर मिळालेलं. १३३८ साली मंगळवेढ्याचं गावकूस बांधण्याच्या कामावर असताना भिंत कोसळून चोखोबा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर गाडले गेले. अशा माणसाला दिलेल्या भाकरीला दानधर्म म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती त्याची थकलेली मजुरी होती.

बलुत्याचंही तसंच. सुगीला खळ्यावर मिळणारा वाटा कामाचा मोबदला होता. मजकुरात तो ‘गावाची माया’ म्हणून येतो.

पेशवाईत श्रावणमासी दक्षिणा वाटली जायची, पुढे पर्वतीच्या रमण्यात. त्यावर लाखो रुपये खर्च व्हायचे आणि ती फक्त ब्राह्मणांसाठी होती. विद्येला आश्रय हा तिचा हेतू होता, हे मान्य. पण तिला गरिबांची काळजी म्हणता येत नाही, कारण पर्वतीच्या पायथ्याशी राहणारा उपाशी कुणबी त्या रांगेत उभाच राहू शकत नव्हता. १८४९ साली समाजसुधारक लोकहितवादींच्या पुढाकारानं दक्षिणेच्या पैशातून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावं असा अर्ज झाला, तेव्हा पुण्यात केवढं वादळ उठलं! अहिल्याबाई होळकरांनी खासगीच्या, म्हणजे आपल्या वाट्याच्या, पैशातून घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्यांचा उपयोग आजही होतो आणि त्यांच्यापुढे हात जोडावेत असंच ते काम आहे. पण त्या काळी सार्वजनिक विहिरीवर पाणी कुणी भरायचं हे दात्याच्या इच्छेवर नव्हे, जातीच्या नियमावर ठरायचं.

‘योजनांनी लोक आळशी झाले’

हे वाक्य मी आधी वाचलं आहे, १८७७ च्या दुष्काळाच्या इतिहासात. ब्रिटिश सरकारनं दुष्काळासाठी पाठवलेला अधिकारी सर रिचर्ड टेंपल यानं दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला अर्धा किलोसुद्धा धान्य नाही, वर फक्त एक आणा. कारण? जास्त दिलं तर लोकांना सरकारच्या आधाराची सवय लागेल. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारला धारेवर धरलं. जोतीराव फुल्यांनी आणि सत्यशोधक समाजानं धनकवडीला बालाश्रम काढून दुष्काळातल्या मुलांना जेवू घातलं. ते खरं दान होतं आणि जात न पाहता केलेलं होतं. तरी मुंबई आणि मद्रास इलाख्यांत लक्षावधी माणसं मेली. सरकार हात आखडतं घेतं तेव्हा फुल्यांएवढ्या माणसाचं दानही पुरत नाही.

याउलट १९७२. घरोघर अजून त्या दुष्काळाची माणसं आहेत, त्यांना विचारा. मिलो ज्वारीची लाल भाकरी, सुकडी, पाझर तलावाची माती, डोळ्यात उडणारी खडीची कपची. मे १९७३ मध्ये सरकारी दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास असताना. हाल झाले, जनावरं मेली, कुपोषण झालं, माणसंही दगावली. पण १६३० सारखे किंवा १८७७ सारखे मुलूखच्या मुलूख ओस पडले नाहीत. ज्या बायकांनी वैशाखाच्या उन्हात पोर झाडाखाली झोळीत टाकून डोक्यावरून माती वाहिली, त्यांना ऐतखाऊ म्हणण्याआधी त्या कामावर एक दिवस उभं राहून पाहावं.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकातच तासगाव तालुक्यात ही कल्पना करून पाहिली होती. तीच रोजगार हमी योजना झाली, १९७७ मध्ये कायदा झाला. पैसा कुठून आला? बराचसा व्यवसाय करातून. मुंबईच्या पगारदाराच्या पगारातून कापलेली रक्कम बीड-उस्मानाबादच्या मजुराच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, गेली. माळव्याच्या बैलांनी जे केलं तेच हे, फक्त सुलतानाची मर्जी काढून तिथे कायदा ठेवला. खोटी मस्टरं झाली, मुकादमांनी आणि ठेकेदारांनी खाल्लं, हे नाकारत नाही, त्यावर लिहायलाच हवं. पण चोरी पकडायला हक्क काढून घ्यावा लागत नाही.

‘दानधर्म आटला’

दादरला टाटा हॉस्पिटलच्या पेशंटांसाठी चालणारी गाडगेबाबांची धर्मशाळा पाहून या. गावाकडून आलेली माणसं महिनोन् महिने तिथे राहून उपचार घेतात. वारीच्या वाटेवर आजही कुणी उपाशी चालत नाही. दान कुठेही गेलेलं नाही.

बदललं इतकंच की काही ठिकाणी दानावर मागण्याचा अधिकार आला. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना करात आणि इतर सवलती मिळतात. त्या बदल्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-अअ खाली आणि २००६ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं ठरलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जाते. अशा रुग्णाकडून दाखल करताना अनामत मागता येत नाही. हे ठाऊक नसल्यानं कितीतरी घरं दागिने मोडून बिल भरतात.

तेव्हा हा मजकूर पुन्हा आला, तर त्याच गटात हे टाका: धर्मादाय रुग्णालयात गेल्यावर आधी वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा, खाट नाही म्हणाले तर ते लेखी मागा आणि तो कागद घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्या.