छातीवर हात

घर दाखवताना एजंटने बाल्कनीचं दार उघडलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "समुद्र ऐका." आम्ही दोघांनी ऐकला. मंगळवार होता, सकाळचे अकरा. निवृत्तीनंतर परक्या देशात समुद्राकाठी राहायला निघालेल्या माणसाने घर शनिवारी रात्री बघावं, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हाला सुचलं नाही.

शनिवारी रात्री दहाला खाली वाळूवरच्या नाचाच्या पार्टीत डीजेचा पहिला ठोका पडला. पाठोपाठ बाथरूममधून कडकड आवाज येऊ लागला. जाऊन बघतो तर वाटीतली माझी कवळी वाजत होती, तीही अगदी तालात. दात माझे, ताल त्यांचा.

झोप येईना म्हणून घड्याळ धरून ठोके मोजले. मिनिटाला १२५. तासाला ७,५००. दहा ते पहाटे तीन म्हणजे ३७,५००. जन्म हिशेब तपासण्यात गेला, सवय जात नाही. बेरीज जुळल्यावर दोन मिनिटं बरंसुद्धा वाटलं.

खरी गंमत कानांची. वय झालं की आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ ही मंडळी त्यातलीच, म्हणून बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. ही म्हणते "फोन शोधा", मला ऐकू येतं "कोण होता", आणि मी शेजारणीकडे कोण आलं होतं ते रंगवून सांगत बसतो. खर्ज मात्र शाबूत राहतो. म्हणजे बायको, डास आणि दाराची घंटा वजा करून निसर्गाने माझ्यासाठी शिल्लक काय ठेवलं, तर हे.

कानात बोळे घातले. त्यांनी समुद्र तेवढा बंद केला. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे ७ मीटर लांब असते. आमची भिंत वीतभर. ती लाट भिंतीला विचारते कशाला! त्यात रात्री वारा पडला की जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि आकाशात निघून जाणारा आवाज वाकून खाली येतो. हे वाचल्यावर माझा डीजेवरचा निम्मा राग हवेवर गेला. झोप तरीही आली नाही.

आणि ठोका चालू असतो ते एक वेळ परवडतं. तो मधेच थांबतो तेव्हा जीव जातो. नुसती एक शिट्टीसारखी सुरावट वर वर चढत जाते, आणि मी उशीचं टोक मुठीत धरून समेची वाट बघत पडलेला. आता येईल, आता येईल. येत नाही. मेला लांबवतो. मग एकदाची धाडकन आली आणि माझ्या तोंडून "हां!" निघून गेलं. अंधारात ही उठून बसली. "अहो, तुम्ही दाद देताय?"

दुसऱ्या शनिवारी मात्र तक्रार करायचीच ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपसाठी रात्री घराबाहेर ४० डेसिबलची मर्यादा सुचवली, तो कागद छापून घेतला. आम्ही युरोपात राहत नाही, पण कान काय खंड बघून ऐकतात? अडचण वेगळीच होती. इथली भाषा मला येते ती बाजारापुरती : किती, नको आणि धन्यवाद. तीन शब्दांत तक्रार बसवायची म्हणजे कविताच. दारावरच्या धिप्पाड मुलाला म्हणालो, "नको, धन्यवाद." त्याने हातातला पेल्यांचा ट्रे नम्रपणे मागे घेतला.

तसाच वाळूत चपला रुतवत डीजेपर्यंत गेलो. कागद पुढे केला, त्याने त्यावर सही करून परत दिला. आता उरल्या खाणाखुणा. मी तळहात छातीवर ठेवला, डोळे मिटले आणि मुठीने धड, धड, धड करून दाखवलं. इथे बसतंय रे बाबा, इथे.

पोरगं विरघळलं. त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं आणि माझ्याकडे बघत बघत आवाज वाढवला.

तेव्हापासून मी गावातला ओळखीचा माणूस आहे. वाण्याकडे, बसथांब्यावर, कुठेही एखादी ठिपक्याठिपक्यांच्या शर्टातली व्यक्ती छातीवर हात ठेवते. मीही ठेवतो, परमुलखात आपल्याला कोण ओळखतं हो एरवी?

काल रात्री अकराला बाल्कनीत उभा होतो. खाली कोणीतरी बोट दाखवलं. ठोका थांबला, सुरावट चढू लागली आणि अख्ख्या किनाऱ्याने आमच्या बाल्कनीकडे तोंड करून छातीवर हात ठेवले. मी हात वर केला, कारण न केला तर सम येणार कशी?

आतून ही काहीतरी ओरडली. "या झोपायला" म्हणाली की "जा नाचायला", ते काही मला कळलं नाही.