गाडी घ्या, पण खाली वाकू नका

अभिनंदन! तुमची गाडी अखेर सडली. गंज तसा जुनाच होता. थोडं टिंकरिंग, थोडा रंग, असं करत तुम्ही तो झाकत आलात. मग गॅरेजवाल्याने दाराखालच्या पट्टीला, म्हणजे सिलला, स्क्रूड्रायव्हर लावला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. गॅरेजवाला काही बोलला नाही, नुसता तुमच्याकडे बघत राहिला. आता नवी गाडी घेण्यावाचून गत्यंतर नाही. मी नुकताच या दिव्यातून बाहेर पडलोय, डोकं अजून तापलेलं आहे. ते थंड व्हायच्या आत चार सल्ले देऊन टाकतो.

सर्वांत आधी, जुनी गाडी कशाने गेली हे शोधायच्या फंदात पडू नका. नाहीतर भलतंसलतं कळेल. दारांच्या आणि सिलच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती चिखलाने आणि पाल्याने बुजली की आत पाणी साचतं आणि पत्रा आतूनच खायला सुरुवात होते, हे कळेल. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतात, आणि फोड दिसेपर्यंत आतला कार्यक्रम आटोपत आलेला असतो, हेही कळेल. समुद्राची खारी हवा किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ असेल तर सगळं आणखी झपाट्याने उरकतं. एवढं कळलं की नवी गाडी घेताना प्रश्न सुचायला लागतात, आणि प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक शोरूममध्ये कुणालाच नको असतं.

मी विचारून बघितला. म्हटलं, पत्र्याला जस्ताचा थर कुठे कुठे दिलाय? समोरचा तरुण हसतमुखाने म्हणाला, "सर, आतल्या लायटिंगमध्ये 64 रंग आहेत." म्हटलं, बरं, गाडी लिफ्टवर घेऊन खालून दाखवाल का? त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने सनरूफ उघडून दाखवला. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, ही काही कालची बातमी नाही. पोर्शने 911 साठी जस्त चढवलेला पत्रा 1970 च्या दशकात वापरायला घेतला, ऑडीने 100 या मॉडेलची सबंध बॉडी 1985 मध्ये तशी केली. पण शोरूममध्ये हा विषय काढणं म्हणजे लग्नघरात मुलीच्या सासऱ्याचं ब्लडप्रेशर विचारण्यासारखं आहे. तेव्हा वर बघा. आकाश छान दिसतं.

रंग घरातल्या सगळ्यांना विचारून ठरवा. शेवटी पांढराच येणार आहे.

नातेवाइकांचा सल्ला अवश्य घ्या. ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याचं मत सर्वांत ठाम असतं, त्यामुळे निर्णय सोपा जातो.

रीसेलचा विचार तर सगळ्यांच्या आधी करा. गाडी दहा वर्षं तुम्ही वापरणार, पण ती कुठली असावी हे अकराव्या वर्षी येणाऱ्या अनोळखी माणसाला विचारून ठरवायचं, हा शिरस्ता आहे. मागची गाडीही तुम्ही रीसेल बघूनच घेतली होती ना? किती आले?

नवी परवडत नसेल आणि जुनी बघत असाल, तर खालून काळं कुळकुळीत कोटिंग मारलेली गाडी ताबडतोब उचला. गंज न खरवडता त्यावरच कोटिंग थापलं की ओल आत कोंडते आणि पत्रा अंधारात निवांत सडतो. पण फोटोत काय मस्त दिसतं!

मायलेजच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून काढलेला असतो. तिथे चढ नसतो, वाहतूक नसते आणि मागे मेव्हणा बसलेला नसतो. युरोपला आपली जुनी चाचणी इतकी सैल वाटायला लागली की 2017 पासून त्यांनी ती बदलायला घेतली. तुम्ही मात्र माहितीपत्रक बघून पेट्रोलचा हिशेब मांडा.

डिकी किती लिटरची हेही पाठ करून ठेवा. अनेक कंपन्या ती मोजताना 200 बाय 100 बाय 50 मिलिमीटरचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे रचतात. तुमच्या घरी बॅगांऐवजी ठोकळे असतील तर काहीच अडचण नाही. शिवाय डिकीखाली स्टेपनी आहे का हे विचारायचं नाही. त्या जागी हल्ली अनेक गाड्यांत पंक्चर बुजवणाऱ्या फेसाची बाटली आणि छोटा पंप ठेवलेला असतो. खिळ्याच्या भोकाला तो फेस चालतो. टायर कडेने फाटला तर तो फेस हातात धरून रस्त्याच्या कडेला उभं राहायचं.

आता पडदा. म्हणजे टचस्क्रीन. जेवढी मोठी तेवढी गाडी आधुनिक, याबद्दल घरातल्या पोरांचं आणि कंपन्यांचं एकमत आहे. काचेवरची वाफ घालवायची असेल तर पूर्वी एक खटका असायचा, रस्त्यावरची नजर न हलवता बोटाला सापडायचा. आता मेनू उघडा, त्यात दुसरा मेनू, आणि खड्ड्यात चाक गेलं की बोट रेडिओवर. 2022 मध्ये व्ही बिलेगारे या स्वीडिश मासिकाने धावपट्टीवर ताशी 110 किलोमीटरने गाड्या पळवून ही असली साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. 2005 ची खटक्यांची जुनी व्होल्वो 10 सेकंदांत मोकळी झाली. सर्वांत मागे पडलेल्या नव्याकोऱ्या गाडीला 44.6 सेकंद लागले. तेवढ्यात ती एक किलोमीटरहून पुढे निघून गेली होती. चालवणाऱ्याची नजर पडद्यावर. पण पडदा केवढा!

कुटुंबाची गाडी आहे, म्हणून टेस्ट ड्राइव्हला कुटुंबाला नेऊ नका. एकट्याने जा, मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारा, पिकअपची तारीफ करा आणि परत या. आजीचा गुडघा त्या उंच पायरीला वाकतो का, हे डिलिव्हरीच्या दिवशी कळेलच. मागे मधे बसणाऱ्याचे पाय कुठे जातात, त्याला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा, हेही तेव्हाच बघू. मधे बसणारा नेहमी घरातला सर्वांत लहान किंवा सर्वांत गरीब स्वभावाचा माणूस असतो. तो तक्रार करत नाही.

आता व्हेरियंट. इथे मात्र मला जरा दम घेऊ द्या.

एकाच गाडीचे सात-आठ प्रकार असतात, आणि नावं अशी की परीक्षेतल्या बीजगणिताची आठवण यावी. बेसमध्ये अमुक नाही, त्याच्या वरच्यात तमुक नाही, आणि जे हवं ते नेमकं सर्वांत वरच्यात. अलॉय व्हील वरच्यात ठेवा, माझं काही म्हणणं नाही. लेदर, सनरूफ, ते 64 रंग, खुशाल ठेवा. पण खिडक्यांवर पडद्यासारख्या उलगडणाऱ्या बाजूच्या एअरबॅग? गाडी घसरताना ताब्यात ठेवणारी यंत्रणा? मागच्या मधल्या सीटचा पूर्ण पट्टा? जिथे जिथे कायदा हात धरत नाही तिथे तिथे या गोष्टी सनरूफच्या गठ्ठ्यात बांधून विकल्या जातात. म्हणजे डोक्यावर काच हवी असणाऱ्याच्या पोराचं डोकं वाचवायचं, आणि नको असणाऱ्याचं? मी तसं विचारलं. उत्तर आलं, "सर, बेस मॉडेल सहसा टॅक्सीवाले घेतात." म्हणजे टॅक्सीत काय फरशा भरून नेतात? माणसंच बसतात ना त्यात?

1959 मध्ये व्होल्वो कंपनीचे इंजिनिअर निल्स बोलिन यांनी तीन टोकांचा सीटबेल्ट आणला. कंपनीने पेटंट घेतलं आणि ते इतर कंपन्यांना खुलं करून दिलं. वापरा म्हणाले. तोच धंदा आज माझ्याशी घासाघीस करतोय, की एअरबॅग हव्यात ना, मग चामड्याचा गिअर नॉबही घ्यावा लागेल.

आणि ते सुरक्षेचे स्टार. "फाइव्ह स्टार आहे सर." कुठल्या वर्षीच्या चाचणीत? कुठल्या व्हेरियंटला? मोठ्यांसाठी पाच, की मुलांसाठीही? फियाटच्या पुंटोला युरो एनकॅपने, म्हणजे युरोपात गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेने, 2005 मध्ये पाच स्टार दिले होते, आणि 2017 मध्ये शून्य. गाडी जवळपास तीच राहिली, चाचणी कडक होत गेली. हे मी सांगितलं तर तो तरुण म्हणाला, "सर, तुम्ही फार वाचता."

त्याच्यावर तरी किती चिडायचं? त्याला जे विचारतात त्याची उत्तरं तो पाठ करतो. आणि विचारतं कोण? तुम्ही. तुम्हीच विचारता सनरूफ आहे का, पडदा किती इंचाचा, पाव्हण्यांच्या गाडीपेक्षा उंच आहे ना. शेजाऱ्याला गॅलरीतून जे दिसत नाही त्यासाठी तुम्हाला जास्तीचा एक पैसा मोजायचा नसतो. मग कंपनी कशाला देईल? एअरबॅगवाला प्रकार न घेता म्युझिक सिस्टिमवाला तुम्ही घेता, आणि वर म्हणता की आम्ही काय एवढी जोरात चालवतो? समोरून येणाऱ्याला तसं कळवून ठेवलंय का?

बरं, आहे ते तरी वापरता? मागे बसून पट्टा लावायचा म्हटलं की तुम्हाला हसू येतं. तान्हं पोर पुढच्या सीटवर आईच्या मांडीत. धडक बसली की ते पोर कुठल्याही आईच्या हातात राहत नाही, आणि समोरची एअरबॅग त्याच्या अंगावर फुटते. चाइल्ड सीट घ्या म्हटलं तर ती महाग, आणि ती सनरूफमधून बाहेर काढलेली मोठ्या पोराची मुंडी मात्र फुकट! जोराचा ब्रेक लागला तर काय होईल, हे एकदा तरी मनात आणलंत?

आणि पट्टा लावला नाही की गाडी टुणटुण करते, म्हणून ती गप्प करायला तुम्ही बाजारातून लोखंडी जीभ आणलीत. नुसती जीभ, पट्टा नसलेली. ती कडीत खुपसून ठेवली की गाडीला वाटतं माणूस बांधलेला आहे. लाज वाटत नाही? पैसे मोजून विकत आणलीत ती! जुनी गाडी भंगारात द्यायच्या आधी दप्तर, छत्री, चटई सगळं आठवणीने काढून घेतलंत, त्यात ही जीभही काढली असणार, नव्या गाडीत लावायला. ती आधी फेका. मग सांगा कुठला रंग घेताय.